‘जय हिंद साहब’ म्हणून येणारा फोन

नोव्हेंबर जवळ आला की निवृत्तिवेतनधारकांच्या घरी हयातीच्या दाखल्याची चर्चा सुरू होते आणि त्याच सुमारास फसवणाऱ्यांच्या फोनचाही हंगाम सुरू होतो. नागपूर आणि कामठी परिसरातील माजी सैनिकांच्या घरी येणारा फोन मात्र इतरांपेक्षा वेगळा असतो. ‘बँकेतून बोलतोय’ असे म्हणून तो सुरू होत नाही. ‘जय हिंद साहब, रेकॉर्ड ऑफिस से बोल रहा हूँ’ अशी त्याची सुरुवात असते. रेकॉर्ड ऑफिस म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारे कार्यालय. पुढे साहेबांचा हुद्दा, सेवा क्रमांक, निवृत्तीचे वर्ष आणि कधी कधी पीपीओचा, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा, क्रमांकही बिनचूक सांगितला जातो, आणि मग कळवले जाते की पेन्शनच्या ‘स्पर्श’ प्रणालीवर दाखला चढलेला नाही, आज सायंकाळपर्यंत चढला नाही तर पुढच्या महिन्यापासून पेन्शन थांबेल, तेव्हा मोबाइलवर आलेला क्रमांक सांगा किंवा पाठवलेली फाइल उघडा.

कामठी रोडवरील एका बँक शाखेत मी निवृत्तीपर्यंत पेन्शनचे टेबल सांभाळले. आजही ओळखीच्या सैनिक कुटुंबांचे कागद पाहून देण्याचे काम मी घरी बसून करते. या टेबलावर आणि या घरात जे पाहिले, त्यावरून माझे एक ठाम मत झाले आहे. सैनिकाला कोणी फसवतो तेव्हा तो त्याच्या अज्ञानाचा फायदा घेत नाही. तो त्याच्या शिस्तीचा फायदा घेतो. वरिष्ठाचा आदेश आला की पाळायचा, वेळेची मर्यादा म्हणजे मर्यादा, फौजी भावावर विश्वास ठेवायचा आणि आपल्यामुळे युनिटच्या नावाला डाग लागू द्यायचा नाही, या चार गोष्टी ज्याच्या अंगात वीस-बावीस वर्षे मुरल्या आहेत, त्याला ‘सावध राहा’ एवढे सांगून भागत नाही. त्याच्या शिस्तीतूनच त्याला संरक्षण द्यावे लागते.

आधी त्या फोनचेच पाहू, कारण तो खरा का वाटतो हे समजून घेतल्याशिवाय उपाय कळत नाही. संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन आता प्रयागराज येथील कार्यालयाकडून ‘स्पर्श’ या प्रणालीमार्फत थेट खात्यात जमा होते. पूर्वी ते बँक देत असे आणि शाखेतल्या रजिस्टरवर सही केली की काम होत असे. हयातीचा दाखला ऑनलाइन काढण्याची ‘जीवन प्रमाण’ ही आधारवर चालणारी सोय १० नोव्हेंबर २०१४ रोजी सुरू झाली. तिच्यात माहिती भरताना पेन्शन देणारी संस्था म्हणून ‘स्पर्श’ न निवडता सवयीने जुन्या बँकेचे नाव निवडले, तर दाखला तयार होतो, त्याचा क्रमांकही मिळतो, परंतु तो ‘स्पर्श’पर्यंत पोहोचत नाही आणि काही महिन्यांनी पेन्शन खरोखरच अडकते. असे झालेली माणसे प्रत्येकाच्या ओळखीत असतात. म्हणजे फसवणारा जी भीती घालतो ती हवेतली नसते. म्हणूनच ‘असे काही होत नाही, फोन ठेवून द्या’ असा सल्ला अपुरा पडतो. खरा प्रश्न उद्भवू शकतो आणि तो सोडवायचा रस्ताही आहे, मात्र तो रस्ता समोरून आलेल्या फोनमधून जात नाही, असेच सांगावे लागते.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘जीवन प्रमाण’मध्ये दाखला काढताना मोबाइलवर ओटीपी येतोच. त्यामुळे ‘ओटीपी मागितला म्हणजे फसवणूक’ एवढा साधा नियम सांगितला की माणूस गोंधळतो. नियम असा करावा की ओटीपी आपण स्वतः सुरू केलेल्या कामासाठी, आपल्या समोरच्या यंत्रात, आपल्याच हाताने किंवा समोर बसलेल्या केंद्रचालकाच्या यंत्रात आपल्या डोळ्यांदेखत भरायचा असतो. दूर बसलेल्या माणसाला तो तोंडी सांगायचा नसतो. तसेच ‘स्पर्श’, ‘आठवा वेतन आयोग’, ‘वन रँक वन पेन्शन थकबाकी’ अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडायची नाही. ती उघडली की फोनवर येणारे संदेश दुसऱ्याला वाचता येऊ शकतात आणि मग ओटीपी विचारण्याचीही गरज उरत नाही.

सेवा क्रमांक आणि पीपीओ त्यांच्या हाती लागतो कसा, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सगळीच गळती कुठून होते हे एका घरातून सांगता येणार नाही, पण एक वाट मी रोज पाहते. समान पद, समान पेन्शनची (वन रँक वन पेन्शन) योजना १ जुलै २०१४ पासून लागू झाली, पुढे तिची फेररचना झाली आणि प्रत्येक वेळी नवे तक्ते आले. ‘माझी थकबाकी किती निघते’ हे विचारण्यासाठी माणसे आपल्या संपूर्ण पीपीओचा फोटो मोठमोठ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. त्या कागदावर नाव, हुद्दा, जन्मतारीख, पत्नीचे नाव, बँक खाते, सारेच असते. शेकडो सदस्यांच्या ग्रुपमध्ये कोण कोणाला ओळखतो? थकबाकीचा हिशेब करायला हुद्दा, सेवेची वर्षे आणि मूळ पेन्शन एवढेच पुरते. तेवढे टाइप करून विचारावे, कागद टाकू नये, हे मी भेटेल त्याला सांगते.

दुसरा प्रकार अधिक क्रूर आहे. माझ्या निवृत्तीच्या आधीच्या काळात एक सुभेदार साहेब मुदत ठेवी मोडण्यासाठी शाखेत आले होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, फॉर्मवरील अक्षर नेहमीसारखे ठसठशीत. फक्त शर्टाच्या खिशात मोबाइल उभा ठेवलेला होता, त्याचा कॅमेरा बाहेर डोकावत होता आणि एका कानात इयरफोन होता. पैसे कशासाठी हवेत असे विचारले की ते क्षणभर थांबत, जणू कोणी सांगेल तेवढेच बोलायचे आहे, आणि मग म्हणत, ‘घरगुती काम आहे, मॅडम.’ मी पैसे काढण्याची एक कोरी स्लिप त्यांच्यापुढे सरकवली आणि त्यावर लिहिले, ‘कोणाचा फोन आहे?’ त्यांनी त्याच पेनने खाली एकच शब्द लिहिला, ‘सीबीआय’. व्यवस्थापकांनी त्यांना केबिनमध्ये नेऊन फोन बंद करायला लावला. बराच वेळ त्यांचे म्हणणे एकच होते, ‘साहेब, ऑर्डर आहे. मोडली तर रेजिमेंटचं नाव खराब होईल.’

दोन रात्री या माणसाला व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवले होते. त्याच्या आधारवर घेतलेल्या सिमकार्डावरून देशविरोधी व्यवहार झाला आहे, चौकशी गोपनीय आहे, पत्नीलाही सांगायचे नाही, असे बजावले होते. ज्याने आयुष्यभर गोपनीयतेची शपथ पाळली, त्याला ‘गोपनीय’ या शब्दावर गप्प बसवणे किती सोपे, याचा विचार केला की आजही मला संताप येतो. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही कारवाई नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट सांगितले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेऊन डिसेंबर २०२५ मध्ये त्यांच्या तपासाची जबाबदारी सीबीआयकडे सोपवली. तरीही सैनिकाला एवढेच सांगून पुरत नाही. त्याला हे सांगावे लागते की कायद्याने दिलेला आदेश लेखी असतो, त्यावर कार्यालय आणि अधिकारी यांचे नाव असते, आणि जो आदेश पत्नीपासून, बँकेपासून आणि जवळच्या पोलीस ठाण्यापासून लपवायला सांगतो तो आदेशच नसतो. असा आदेश न पाळणे हीच शिस्त आहे.

सैन्यात ही शिस्त आहेच. रात्रीच्या पहाऱ्यावरचा संत्री येणाऱ्याला ‘थम, कौन आता है’ म्हणून रोखतो, परवलीचा शब्द मिळेपर्यंत पुढे येऊ देत नाही, आणि येणारा खुद्द कमांडिंग ऑफिसर असला तरी त्याला थांबावे लागते. त्यात कोणाचा अपमान होत नाही. फोनवरच्या साहेबाला थांबवण्यात अपमान आहे असे मग का वाटावे? मी माजी सैनिकांशी बोलताना हेच उदाहरण देते आणि ते त्यांना तत्काळ पटते. फोन आला की थांबवायचे, फोन ठेवायचा आणि आपल्याकडच्या कागदावर छापलेला रेकॉर्ड ऑफिसचा किंवा ‘स्पर्श’चा क्रमांक स्वतः फिरवायचा. विदर्भातील कोणाचे रेकॉर्ड कामठीला गार्ड्‌स रेजिमेंटकडे असते, कोणाचे सागरला महार रेजिमेंटकडे, कोणाचे बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीकडे. ते कार्यालय पत्राने कळवते आणि घरी फोन करून खात्यातली रक्कम विचारत नाही.

गणवेशाच्या नावाने दुसऱ्या दिशेने होणारी फसवणूकही सैनिकाच्याच अंगावर येते. जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावर बुलेट किंवा कार अतिशय कमी किमतीत दिसते, विकणारा म्हणतो की मी फौजी आहे, माझी बदली झाली, गाडी लष्करी कॅन्टीनमधून घेतली होती, कॅन्टोन्मेंटमधून पाठवून देतो. विश्वास बसावा म्हणून तो कॅन्टीन कार्ड, आधार आणि गणवेशातील फोटो पाठवतो. खरेदीदार आधी वाहतुकीचे, मग पावतीचे, मग ‘परत मिळणाऱ्या अनामतीचे’ पैसे भरत जातो. दुकानदारांनाही असेच फोन येतात. कॅम्पसाठी मोठी ऑर्डर आहे, पैसे क्यूआर कोड स्कॅन करून घ्या, असे सांगतात, आणि स्कॅन करून पिन टाकला की दुकानदाराच्याच खात्यातून रक्कम जाते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे येथे सांगून ठेवते.

ती ओळखपत्रे पुष्कळदा खऱ्या जवानाची असतात. काटोल तालुक्यातील एका जवानाने आपली मोटारसायकल विकण्यासाठी ‘खरेदीदारा’ला स्वतःचे आधार आणि कॅन्टीन कार्ड पाठवले होते. तो व्यवहार झालाच नाही, पण पुढे त्याच्या चेहऱ्याने दुसऱ्या राज्यांत गाड्या ‘विकल्या’ जाऊ लागल्या. तो स्वतः सीमेवर, फोन लागत नाही, आणि घरी म्हाताऱ्या वडिलांना परक्या भाषेत शिव्या देणारे फोन येत आहेत. वडील मला म्हणाले, ‘मॅडम, पोरगं तिकडं देशासाठी उभं हाय, अन् लोकं इकडं त्याले चोर म्हणून राह्यले.’ या प्रकरणात दोन गोष्टी उपयोगी पडल्या. एक, जवानाने आपल्या युनिटला लेखी कळवून ठेवले. दोन, वडिलांनी जवळच्या ठाण्यात तक्रार देऊन तिची प्रत घेतली, जी पुढे दुसऱ्या राज्याच्या पोलिसांना दाखवता आली. सैनिकाचा गणवेश किंवा खूण वापरून आपण सैनिक आहोत असे भासवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शिक्षा मात्र तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही एवढीच आहे, जी मला फारच तोकडी वाटते. अशा प्रकरणात फसवणूक, तोतयेगिरी आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६-सी व ६६-डी ही कलमे लावून घेण्याचा आग्रह धरावा.

निवृत्तीच्या वेळी हातात येणारी रक्कम हा सर्वांत मोठा धोक्याचा काळ. शिपाई पदावरून निवृत्त होणारा माणूस बहुधा चाळिशीच्या आतला असतो, मुले शाळेत असतात, घर बांधायचे असते, आणि ग्रॅच्युइटी, फंड, विमा, रजेचे पैसे आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम एकाच वेळी खात्यात येते. ‘पेन्शन विकणे’ म्हणजे काय हे घरच्यांना अनेकदा नीट माहीत नसते. सैनिकाला पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग एकरकमी घेता येतो, आणि तो भाग पंधरा वर्षांनंतर पूर्ववत होतो. म्हणजे ही रक्कम बुडाली तर पैसे जातात ते जातातच, शिवाय पंधरा वर्षे कमी पेन्शनवर काढावी लागतात. हा दुहेरी तोटा गुंतवणूक सुचवणारा एजंट कधीच सांगत नाही.

आणि तो एजंट परका नसतो. आपल्याच बटालियनचा, दोन वर्षे आधी निवृत्त झालेला कोणीतरी असतो, आणि त्याने स्वतःचेही पैसे तेथेच गुंतवलेले असतात. पहिले काही महिने व्याज वेळेवर येते, त्या जोरावर तो आणखी चार सोबत्यांना आणतो. नागपूरने असे गुंतवणूक-घोटाळे पाहिले आहेत. ठेवीदारांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा कायदा १९९९ पासून आहे, अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे, मालमत्ता जप्त होतात, विशेष न्यायालयात खटले चालतात. पण पैसे परत येईपर्यंत माणसाची मुले मोठी झालेली असतात. म्हणून जी काही चौकशी करायची ती पैसे देण्यापूर्वीच करावी. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर संस्थेला ठेवी घेण्याची परवानगी आहे का ते पाहता येते, सेबीच्या संकेतस्थळावर सल्लागाराची नोंदणी तपासता येते. दरमहा तीन-चार टक्के ‘पक्के’ देणारी योजना दिसली तर तपासायचीही गरज नाही.

प्लॉटच्या बाबतीत जवानाची गैरहजेरी हेच दलालाचे भांडवल असते. बेसा, बेलतरोडी, हिंगणा, उमरेड रोड या भागांत लेआउट पडले, भाव चढले, आणि सुट्टीवर आलेल्या जवानाने पंधरा दिवसांत इसार देऊन, मुखत्यारपत्रावर सही करून परत जायचे असा प्रकार वाढला. तोच प्लॉट दुसऱ्यालाही विकला गेल्याचे पुढच्या सुट्टीत कळते. नागपुरात आर.एल. (रिलीज लेटर, म्हणजे प्लॉट मोकळा केल्याचे पत्र) आहे का, असे सर्वजण विचारतात, पण दलालाने दाखवलेली झेरॉक्स पाहूनच समाधान मानतात. ते पत्र नागपूर सुधार प्रन्यासाकडून किंवा महानगर प्राधिकरणाकडून पडताळून घ्यावे, सातबारा आणि अकृषिक आदेश पाहावा, लेआउट मोठा असेल तर महारेराचा क्रमांक मागावा, आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातील व्यवहाराच्या नोंदीचा उतारा, काढून त्या प्लॉटची आधी नोंदणी झाली आहे का हे बघावे. ही कामे सुट्टीच्या पंधरा दिवसांत घाईने करू नयेत. पत्नीने किंवा भावाने आधीच करून ठेवावीत. वाद कोर्टात गेलाच, तर १९२५ चा सैनिकांच्या दाव्यांविषयीचा कायदा आजही अस्तित्वात आहे, आणि विशिष्ट परिस्थितीत सेवेवर असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याचे नुकसान होऊ नये यासाठी दाव्याचे कामकाज पुढे ढकलण्याची तरतूद त्यात आहे. अनेक वकिलांनाही तो चटकन आठवत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहिते.

चार वर्षांसाठी भरती होणाऱ्या अग्निवीरांची मला विशेष काळजी वाटते. लष्करातील पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाले, म्हणजे तिची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस भरतात. जे कायम होणार नाहीत त्यांच्या हाती सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये येतील, वय बावीस ते सत्तावीस आणि डोक्यावर पेन्शनचा आधार नाही. नोकरी लावून देणारे, फ्रँचायझी देणारे, शेअर बाजाराचे ‘कोर्स’ विकणारे त्यांची वाटच पाहत असतील. प्रशिक्षण केंद्रातून निरोप देतानाच या मुलांना अर्ध्या दिवसाचे का होईना, पैशाच्या फसवणुकीवर शिक्षण मिळाले पाहिजे, आणि ते व्याख्यानाच्या स्वरूपात नव्हे तर प्रत्यक्ष फोन ऐकवून, प्रत्यक्ष संदेश दाखवून दिले पाहिजे.

वीरनारी, म्हणजे हुतात्मा सैनिकांच्या पत्नी, आणि इतर सैनिकांच्या विधवा यांच्याबद्दल लिहिताना शब्द जपून वापरावे लागतात, कारण त्यांची फसवणूक करणारा बहुधा मदतीला आलेला माणूस असतो. विशेष कुटुंब निवृत्तिवेतन ‘करून देतो’, सानुग्रह अनुदान ‘काढून देतो’, असे म्हणून टक्केवारी ठरवणारे दलाल गावोगाव आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात हे अर्ज विनामूल्य भरून मिळतात, याची माहिती नसल्यामुळे त्यांचे फावते. कळमेश्वरकडच्या एका बाईंनी घरच्या लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले होते, आणि त्याने तारण म्हणून पेन्शन खात्याचे पासबुक आणि एटीएम कार्ड पिनसह ठेवून घेतले होते. दर महिन्याला पेन्शन जमा झाली की पहिल्यांदा तो पैसे काढी आणि उरलेले त्यांना आणून देई. ‘मले वाटलं कायद्यानं असंच असते,’ त्या म्हणाल्या.

कायद्याने असे मुळीच नसते. १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पेन्शनवर जप्ती येत नाही, आणि कलम १२ प्रमाणे पुढे मिळणारी पेन्शन दुसऱ्याच्या नावे करून देणारा कोणताही करार निरर्थक ठरतो. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. त्या बाईंनी सावकाराशी भांडण न करता शाखेत येऊन कार्ड बंद केले, नवे कार्ड घेतले, नवा पिन टाकला आणि मग तक्रार दिली. कार्ड परत मागत बसण्यापेक्षा ते बंद करणे सोपे असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

पैसे गेलेच, तर पहिला तास सर्वांत मोलाचा. १९३० हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तेथे व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपले खाते सांगितले की ज्या खात्यात पैसे गेले त्या बँकेला लगेच सूचना जाते आणि शिल्लक असलेली रक्कम रोखता येते. रोखलेली रक्कम पुढे ठरलेल्या प्रक्रियेनुसार परत मिळू शकते. फसवणारे पैसे काही मिनिटांत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवतात, म्हणून ‘आधी मुलाला विचारतो, उद्या बँकेत जातो’ असे करू नये. त्याच दिवशी बँकेलाही लेखी कळवावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमानुसार ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे खात्यातून व्यवहार झाला आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर तोटा ग्राहकावर येत नाही. स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा, असा नियम आहे. म्हणजे चूक झाली असली तरी कळवण्याला किंमत आहेच. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते.

तरीही माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बरेचजण फार उशिरा येतात, आणि त्याचे कारण अज्ञान नसते. कारण लाज असते. ‘मी कारगिलला होतो, आणि एका पोरानं फोनवर मला लुटलं, हे कोणाला सांगू?’ असे एका हवालदारांनी मला विचारले होते. मी त्यांना म्हटले, ‘दादा, तुमच्यावर घात लावून हल्ला झाला आहे. युनिटमध्ये असा हल्ला झाला असता तर तुम्ही वायरलेसवर ताबडतोब कळवलं असतं की नाही?’ ते उठले आणि फोन लावला. मुलांना आणि सुनांना माझी कळकळीची विनंती आहे की अशा वेळी वडिलांना ‘तुम्हाला कितीदा सांगितलं होतं’ असे म्हणू नका. त्या एका वाक्यामुळे पुढचा प्रसंग ते तुमच्यापासून लपवतील आणि फसवणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

ज्या ठिकाणी सैनिक कुटुंबे जातातच, तेथेच हे शिक्षण व्हायला हवे. कॅन्टीनच्या रांगेत भंडारा, गडचिरोली, यवतमाळहून एसटीने आलेली माणसे तासभर उभी असतात. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये औषधाच्या खिडकीसमोर बसलेली असतात. तेथे मोठ्या अक्षरांत, मराठी आणि हिंदीत, १९३० हा आकडा आणि ‘स्पर्श’चा अधिकृत पत्ता लावता येईल. दर महिन्याला त्या महिन्यातील नव्या फोनचा नमुना वाचून दाखवता येईल. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाच्या कार्यक्रमांतही त्यासाठी दहा मिनिटे काढता येतील. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ रोजी सुरू केलेल्या ‘वीर परिवार सहायता योजने’त जिल्हा सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून सैनिक कुटुंबांना मोफत कायदेविषयक मदत देण्याची सोय आहे, ती किती घरांपर्यंत पोहोचली याचा पाठपुरावा माजी सैनिकांच्या संघटनांनी करावा.

तक्रार द्यायला जाताना मी सोबत ठेवायला सांगते ती कागदपत्रे अशी: फसवणुकीच्या दिवसाचा खात्याचा उतारा, आलेल्या फोनच्या क्रमांकांचे आणि संदेशांचे स्क्रीनशॉट, १९३० कडून मिळालेला तक्रार क्रमांक, ओळखपत्र, आणि घडलेले सारे वेळेनुसार लिहिलेले एक पान. फोनमधील काहीही पुसू नये, ती एपीके फाइलसुद्धा नाही. फक्त फोनचा डेटा आणि वायफाय बंद ठेवावे. ठाण्यात हद्दीचे कारण सांगितले गेले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ चा उल्लेख करावा, कारण गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घेण्याची तरतूद त्यात आहे. आणि एकट्याने जाऊ नये. सोबत मुलगा, शेजारी किंवा एखादा जुना सोबती असावा, म्हणजे सांगताना काही राहिले तर तो आठवण करून देईल.